कॅशेलला अख्खा दिवस द्या, ब्लार्नीच्या बसने जाऊ नका

आयर्लंडमध्ये, डब्लिनला ताईकडे दोन आठवडे राहिले, त्यात कॅशेलला, म्हणजे खडकावरच्या मध्ययुगीन चर्च आणि मनोऱ्याच्या अवशेषांकडे, दोनदा गेले. दोनदा जावं लागलं कारण पहिल्यांदा फसले. एका दिवसात ब्लार्नी कॅसल आणि रॉक ऑफ कॅशेल दाखवणाऱ्या बस सहलीचं तिकीट काढलं होतं. जाहिरातीत दोन्ही नावं सारख्याच मोठ्या अक्षरांत होती. प्रत्यक्षात कॅशेलला मिळाली पन्नास मिनिटं, तीसुद्धा सगळे पेंगुळलेले असताना.

हिशोब आधीच करायला हवा होता. ब्लार्नी डब्लिनपासून अडीचशे किलोमीटरच्या पुढे. जाऊन-येऊन सहा-सात तास बसमध्येच जातात. मग ब्लार्नीची रांग. 1446 साली कॉर्मक लाइदिर मॅकार्थीने बांधलेला हा बुरूज खालून देखणा दिसतो, पण ज्याला ओठ टेकवायला सगळे येतात तो ब्लार्नीचा दगड अगदी वर, तटाच्या काठाला आहे आणि तिथे नेणारा गोल जिना जेमतेम एका माणसाच्या रुंदीचा. पायऱ्या झिजून मधोमध खोलगट झालेल्या, त्यात पाऊस. सव्वा तास माझ्या डोळ्यांसमोर पुढच्या बाईच्या बुटांच्या टाचा होत्या. वर जायला एक जिना आणि उतरायला दुसरा, त्यामुळे मधूनच परत फिरता येत नाही. बंद जागेत जीव घाबरा होणाऱ्यांनी आणि गुडघे दुखणाऱ्यांनी चढूच नये. वर पोचल्यावर पाठीवर झोपायचं, लोखंडी दांडे धरायचे, मान मागे टाकून दगडाला ओठ लावायचे, वीस सेकंदांत उठायचं. त्या क्षणाचा फोटो काढतात आणि खाली विकतात. बाग सुंदर आहे, विषारी झाडांचा वेगळा वाफाही आहे, पण रांगेत वेळ गेल्यावर बाग कोण बघणार? माझं मत स्पष्ट आहे: किल्ले बघायला आलेल्या माणसाने ब्लार्नी सोडावं.

खरा संताप आला तो कॅशेलला. बसमधल्या गाइडने सांगितलं होतं की कॉर्मकचं चॅपेल, म्हणजे खडकावरचं बाराव्या शतकातलं छोटं प्रार्थनागृह, आतून बघता येत नाही. तिकीट खिडकीवर कळलं की बघता येतं. ठरावीक वेळी, त्यांच्याच गाइडबरोबर, मोजक्या माणसांना आत सोडतात. त्या दिवसाच्या जागा संपल्या होत्या. म्हणजे कॅशेलला जाऊन कॅशेलमधली सर्वांत मोलाची गोष्ट मी बाहेरून बघून आले. परतीच्या तीन तासांत कुणाशी बोलले नाही.

बुधवारी भाऊजींनी सुट्टी काढली आणि आम्ही तिघं गाडीने निघालो. सव्वानऊला कॅशेल. तुम्ही जाल तेव्हा खिडकीवर पहिला प्रश्न हाच विचारा: चॅपेलची फेरी किती वाजता? जी मिळेल ती आधी घ्या, बाकीचं तिच्या मागेपुढे बसवा. आम्हाला अकराची मिळाली.

आता ते चॅपेल. 1127 ला काम सुरू झालं, 1134 मध्ये पूर्ण झालं, मन्स्टर या दक्षिणेकडच्या प्रांताचा राजा कॉर्मक मॅकार्थी (ब्लार्नीवाला नव्हे, त्याच्या तीनशे वर्षं आधीचा) याने बांधून घेतलं. तेहतीस वर्षं आधी, 1101 मध्ये, मुर्हर्तह ओब्रायन या राजाने आपल्या राजगादीचा हा अख्खा खडक चर्चला देऊन टाकला होता. खडक चुनखडीचा, भोवतालचं कॅथीड्रलही चुनखडीचं, पण चॅपेल वाळूच्या दगडाचं. हा दगड कोरायला मऊ असतो, पण पाणी पितो. नऊशे वर्षं पाणी पिऊन भिंती आतून ओल्या झाल्या होत्या, म्हणून काही वर्षं संपूर्ण इमारतीवर तात्पुरतं छप्पर घालून ती वाळवावी लागली. मोजक्याच माणसांना आत सोडण्याचं कारणही तेच, आपल्या श्वासाची वाफसुद्धा आतल्या भित्तिचित्रांच्या रंगांना सोसत नाही. हे त्या गाइडबाईंनी सांगितलं तेव्हा चार दिवसांपूर्वीचा खिडकीवरचा माझा राग बराचसा ओसरला. बसच्या गाइडवरचा मात्र नाही.

आत डोळे अंधाराला सरावायला मिनिटभर लागतं. मग वेदीच्या बाजूला वर निळा आणि गेरूसारखा तांबडा रंग तुकड्यातुकड्यांनी दिसू लागतो. ही चित्रं चुन्याच्या थरांखाली झाकली गेली होती, म्हणूनच वाचली. कमानीवर ओळीने माणसांची डोकी कोरलेली आहेत, एकासारखं दुसरं नाही. उत्तरेच्या दारावर शिरस्त्राण घातलेला, अर्धा घोडा अर्धा माणूस, मागे वळून सिंहावर बाण सोडतो आहे. पश्चिमेच्या भिंतीशी दगडी शवपेटी आहे, तिच्यावर एकमेकांत गुंतलेले प्राणी. मी त्यातल्या एकाची शेपूट कुठे संपते ते शोधत होते, तेवढ्यात वेळ संपली. तो पाऊण तास या संपूर्ण सहलीतला सर्वोत्तम पाऊण तास होता.

बाहेर कॅथीड्रलला छप्पर नाही. 1647 मध्ये, इंग्लंडच्या संसदेच्या बाजूने लढणाऱ्या लॉर्ड इंचिक्विनच्या फौजेने इथे आसऱ्याला आलेल्या शेकडो लोकांची कत्तल केली, आणि छप्पर उतरलं ते पुढे अठराव्या शतकात. 28 मीटर उंच गोल मनोरा खडकावरचा सर्वांत जुना. वारा इतका असतो की छत्रीचा उपयोग शून्य. टोपीचं जाकीट घ्या, आणि उन्हाळा असला तरी कानटोपी घ्या.

दुपारी कॅहीर, अठरा किलोमीटरवर, सुअर नदीतल्या बेटावरचा बटलर घराण्याचा किल्ला. तटात अडकलेला तोफगोळा बघा, 1599 मध्ये इंग्लंडच्या राणीचा सेनापती एसेक्सच्या अर्लने तीन दिवसांत किल्ला घेतला त्या वेढ्याची प्रतिकृतीही आत आहे. दोन तास पुरतात. निवांत जागा, जास्त सांगण्यासारखं काही घडलं नाही.

भाड्याने गाडी घेणार असाल तर एक गोष्ट पक्की करा. डब्लिनभोवतीच्या एम-50 रस्त्यावर टोलनाकाच नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि पैसे दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत भरायचे असतात. भरले नाहीत तर दंड वाढत जातो. गाडीच्या भाड्यात हा टोल धरलाय का, हे किल्ली घेतानाच लेखी विचारा. पोर्टलीशजवळचा टोल वेगळा, तिथे नाका आहे. कॅशेल आणि कॅहीर दोन्ही सरकारी असल्यामुळे अशी तीन-चार ठिकाणं बघणार असाल तर हेरिटेज कार्ड, म्हणजे सरकारी स्थळांचा एकत्र पास, घ्या. ब्लार्नी खाजगी आहे, तिथे ते चालत नाही.

कॅहीरहून परत फिरून शेवटी होर ॲबी या पडक्या मठाला गेलो. कॅशेलच्या पायथ्याशी शेतात, तिकीट नाही, माणूस नाही. 1272 मध्ये इथल्या आर्चबिशपला स्वप्न पडलं की बेनेडिक्टाइन साधू आपलं डोकं कापणार आहेत, म्हणून त्याने त्यांना हाकलून सिस्टर्शियन साधूंना जागा दिली, अशी कथा आहे. ताईने ती कमानीत बसून मोठ्याने वाचून दाखवली. वर खडकावर उतरतं ऊन होतं, मनोरा आणि चॅपेलचं उतरतं दगडी छप्पर दोन्ही स्पष्ट दिसत होतं. तिथली वाट गवतातून आहे, गाई चरत असतात, शेण आणि पाणी दोन्ही भरपूर. गाडीत कोरडे मोजे ठेवा.