मतपत्रिका 35, विजेते तीन
ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात टीवायबीएला ‘जनादेश’ शिकवायचा होता. व्याख्या सांगण्याआधी मतदानच घेतलं. महापालिकेने आधी काय हाती घ्यावं: घोडबंदर रोडची कोंडी, पाणी की तलाव? पद्धत विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची, म्हणजे पसंतीक्रम आकड्यांतच लिहायचा आणि तोही दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच. 37 पैकी दोन मतं बाद झाली. एकाने बरोबरची खूण केली होती, एकीने अक्षरात ‘एक’ लिहिलं होतं. खऱ्या मोजणीतही अशीच पदवीधरांची मतं वाया जातात.

उरलेल्या 35 चे तीन गठ्ठे झाले. 15 जणांचा क्रम कोंडी, तलाव, पाणी; 12 जणांचा पाणी, तलाव, कोंडी; 8 जणांचा तलाव, पाणी, कोंडी.

विधानसभेच्या नियमाने कोंडी 15 मतांनी जिंकली. मागच्या बाकांवरून टाळ्या आल्या.

मग पदवीधरचा नियम लावला. वैध मतांच्या निम्मे, अपूर्णांक सोडून, अधिक एक, म्हणजे जिंकायला लागणारा कोटा 18. तो कोणीच गाठला नाही. सर्वांत मागे असलेला तलाव बाद, त्याचे 8 कागद दुसऱ्या पसंतीने पाण्याकडे. पाणी 20, विजयी. (दुसरी पसंती लिहिलीच नसेल तर तो कागद तिथेच थांबतो, कोटा मात्र 18 च राहतो. मुलं इथे हमखास चुकतात.)

शेवटी 18व्या शतकातल्या फ्रेंच गणितज्ञ कॉन्डोर्सेची रीत, जोडीजोडीने लढत. तलावाने कोंडीला 20-15 आणि पाण्याला 23-12 असं हरवलं. मघाशी पहिल्यांदा बाद झालेला तो हाच तलाव!

“सर, मग खरा कौल कुठला?”

तीन किंवा अधिक पर्याय असले की काही साध्या, रास्त अटी एकाच वेळी पाळणारी रीत निघूच शकत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी 1951 मध्ये सिद्ध केलं. राज्यशास्त्रज्ञ विल्यम रायकर त्यापुढे गेले: निवडणुकीतून जनतेची इच्छा कळत नाही, नकोसे सत्ताधारी फक्त घालवता येतात. मला हे टोकाचं वाटतं. 20 जणांनी कोंडीला शेवटचा क्रमांक दिला होता, हे कुठल्याही नियमाने मोजलं तरी कागदावर राहतंच.

टाळ्या वाजवणाऱ्यांतला एक उठला. “नियम आधी सांगायला हवा होता.” अगदी खरं. नियम आधी ठरलेला असेल तरच हरणारा निकाल मान्य करतो. अधिमान्यता, म्हणजे सत्तेला लोकांनी मनापासून दिलेली मान्यता, उभी राहते ती इथे.

“पदवीधरचाच नियम लागणार हे माहीत असतं, तर हाच क्रम लिहिला असतास?”

तो फळ्यापाशी आला. आपल्या 15 तल्या पाच जणांची पहिली पसंती त्याने तलावाला दिली. तलाव 13, पाणी 12, कोंडी 10. कोंडी बाद झाली आणि तिचे दहाही कागद तलावाकडे गेले. “पाणी तरी आलं नसतं,” तो म्हणाला.