चौदा दिवस बिनचुलीचे

मार्चच्या शेवटी रक्ताचा रिपोर्ट हातात पडला. रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ६.०, म्हणजे मधुमेह नाही पण उंबरठ्यावर. बी-१२ जीवनसत्त्व तर पार तळाला, १७०. नेमकी त्याच आठवड्यात भाची बंगळुरूहून डोंबिवलीला आमच्याकडे राहायला आली. ती सहा महिने कच्चंच खातेय, तेही दूधदुभतं वगळून. "मावशी, दोन आठवडे तरी करून बघ," म्हणाली, "पण तुला जमायचं नाही. चहा सुटेल का तुझा?" हे शेवटचं तिने म्हणायला नको होतं.

डॉक्टरांना विचारून घेतलं. ते म्हणाले, साखरेच्या गोळ्या चालू नाहीत तेव्हा चौदा दिवसांनी काही बिघडणार नाही, पण बी-१२ची गोळी आजपासून घ्या. भाजी कच्ची खा नाहीतर शिजवून, त्यात ते मिळत नाही.

नियम ऐकायला दोनच. प्राण्यांपासून आलेलं काही नाही, म्हणजे मधसुद्धा नाही. आणि साधारण ४८ अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं काही नाही. त्यापुढे अन्नातली एन्झाइम मरतात म्हणे. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. एन्झाइम हीसुद्धा प्रथिनंच, पोटातल्या आम्लात त्यांची इतर प्रथिनांसारखीच वाट लागते. पण पैज ती पैज.

पहिल्या संध्याकाळी डबे काढून बसले आणि खरी गंमत कळली. पोहे बाद, कारण ते भिजवलेली साळ भाजून कांडलेले असतात. दाण्याचं कूट भाजक्या दाण्यांचं. गूळ काहिलीत उकळलेला. काजूवर जरी कच्चे लिहिलेलं असलं तरी टरफल फोडण्याआधी ते वाफवतात किंवा भाजतात. हळद तर मला कधी लक्षातच आली नव्हती: गड्डे आधी उकडतात, मग वाळवून दळतात. म्हणजे मसाल्याच्या डब्यात उरले जिरे, मोहरी, मेथ्या. जन्मभर ज्याला मी 'न शिजवलेलं' समजत होते त्यातलं निम्मं कोणीतरी आधीच शिजवून पाठवलेलं होतं. भाचीने एक मात्र दोनदा बजावलं: राजमा कितीही भिजव, मोड आण, कच्चा खायचा नाही, उलट्यांनी हैराण होशील. अळूचं मी तिला सांगितलं. बंगळुरूच्या मुलींना घशाची खाज ठाऊक नसते.

पहिले तीन दिवस डोकं ठणकत होतं. ते कच्च्या खाण्याने नव्हे, चहा एकदम तोडल्याने. त्याहून त्रास वेळेचा झाला. ऑफिसात जेवायला अर्धा तास. मोड आलेले मूग, गाजर, कोबी, खोबरं असा डबा. बाकीच्या जणी पोळीभाजी संपवून हात धुऊन आल्या तरी मी आपली चावतेय. जबडा दुखायचा. पोट तुडुंब आणि तासाभराने पुन्हा भूक, कारण १०० ग्रॅम काकडीत जेमतेम १५ कॅलरी असतात. चौथ्या दिवशी शहाणपण सुचलं आणि सगळी भिस्त नारळावर ठेवली. रोज अर्धी वाटी खोवलेलं खोबरं, वर चार-पाच खजूर, दोन केळी. सोलकढीही जमून गेली: आमसुलं गार पाण्यात भिजवलेली, नारळाचं दूध, मिरची, मीठ. तिला चूल लागतच नाही.

पाचव्या दिवशी मटकी नासली. एप्रिलची डोंबिवली, फडक्यात बांधून रात्रभर टांगलेली मटकी सकाळी सोडली तर बोटांना बुळबुळीत लागली आणि आंबूस वास आला. एरवी एक उकळी काढून उसळ केलीही असती (करू नये, पण केली असती). इथे उकळीची सोयच नाही. सगळी टाकली. तेव्हापासून मोड आणायचे ते फ्रिजच्या दारात, सावकाश, दोन दिवसांनी. पोटाचं म्हणाल तर सहाव्या-सातव्या दिवशी इतके गुबारे धरले की लोकलमध्ये मी मुद्दाम दारापाशी उभी राहायचे.

पण मला खरं छळलं ते वासाने. संध्याकाळी सासूबाई आमटीला फोडणी देत आणि मी बाल्कनीत जाऊन बसे. आठव्या दिवशी मी म्हटलं, "आई, मला पोळी नको, भात नको, पण चरचरीत काहीतरी पाहिजे." त्या काही बोलल्या नाहीत. खलबत्ता घेतला, त्यात चमचाभर मोहरी, चिमूटभर मीठ, चार थेंब पाणी, आणि फेसायला लागल्या. मोहरी नुसती तोंडात टाकली तर आधी कडवट लागते. पाण्यासह कुटली की दाण्यातलंच एक एन्झाइम जागं होतं आणि तिचा तो नाकात जाणारा तिखटपणा तयार करतं. तापवली तर तेच एन्झाइम मरतं, म्हणून फोडणीतली मोहरी खमंग लागते, झणझणीत नाही. आईंना हे काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की बत्ता गोल गोल फिरवत राहायचा, पांढरट फेस आला आणि डोळ्यांत पाणी आलं की झालं. तो फेस चोचवलेल्या काकडीत, वर ओलं खोबरं, मिरची, लिंबू. पहिल्या घासाला टाळूपासून कपाळापर्यंत झिणझिण्या गेल्या. इतक्या दिवसांत एन्झाइमने काही काम केलेलं मला दिसलं ते इथे, तेही पोटात नव्हे, खलात.

अकराव्या दिवशी शेजारच्या वहिनींकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. मी निमित्तं जुळवत होते. पण गेले, आणि ताट बघून हसूच आलं: कलिंगड, काकडी, ओटीत भिजवलेले हरभरे, आंबेडाळ. अख्ख्या वर्षातलं हे एकच आमंत्रण असेल जिथे माझ्यासारखीला उपाशी परतावं लागत नाही. डाळ भिजवून वाटलेली, कैरी किसलेली, दोन्ही कच्चं. पन्ह्याची कैरी तेवढी उकडलेली, त्यात गूळ, म्हणून ते मी बाजूला ठेवलं. आंबेडाळीवर मात्र तेल-मोहरी-हिंगाची फोडणी होती, वर हळदीचा पिवळा रंग. वहिनी म्हणाल्या, "अगं, वरची काढून खालची घे." मी वरचीच घेतली. भाची एव्हाना परत गेली होती; तिला त्या रात्री फोनवर सांगितलं नाही, आता इथे वाचेल.

चौदा दिवसांत वजन दोन किलोंनी उतरलं. त्यातलं सव्वा किलो पुढच्या आठवड्यात परत आलं, ते बहुधा पाणीच होतं. एचबीएवनसी तर साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. चौदा दिवसांचं त्यात काय कळणार, म्हणून लगेच तपासलीच नाही. दुपारची झोप कमी झाली हे खरं. पाय मात्र शेवटच्या दोन दिवसांत जिना चढताना लटपटत होते, तेही खरं. मला महिनाभर कोणी कर म्हटलं तर करणार नाही. टोमॅटो आणि गाजर तर शिजवून, थोड्या तेलाबरोबरच अंगी जास्त लागतात. फेसलेली मोहरी आणि सोलकढी तेवढी घरात मुक्कामाला राहिली.

पंधराव्या दिवशी सकाळी आईंनी न विचारता मऊ भात केला, वर मेतकूट, तूप. घाईघाईने घास तोंडात घातला आणि जीभ सणकून भाजली. दोन आठवड्यांत गरम खायची सवयच गेली होती.

"फुंकर तरी मार गं आधी," आई म्हणाल्या.