पेट्रोल कुठे अडतंय? जुन्या फियाटचा माझा अनुभव

आमची १९६९ची फियाट ११०० सकाळी पहिल्याच सेल्फला चालू होते. नाशिकच्या मुंबई नाक्यापासून पांडवलेण्यापर्यंत काही तक्रार नाही. विल्होळी ओलांडून वाडीवऱ्हेच्या बाजूला जरा पाय दाबला, की आधी आचके, मग पिकअप गायब आणि गाडी रस्त्याच्या कडेला. बॉनेट उघडून थोडा वेळ उभी ठेवली की जणू काही झालंच नव्हतं अशी चालू. गंगापूर रोडवर भाजी आणायला नेली तर मात्र कधीच बंद पडायची नाही.

अशी गाडी दिसली की ज्याला त्याला कार्बोरेटर उघडायची घाई होते. "कचरा आलाय, जेट साफ करा." जेट साफ केल्यावर गाडी जरा बरी वाटतेही, कारण ती तेवढ्यात थंड झालेली असते. आमच्या मिस्त्रींनी हे करू दिलं नाही. जुन्या नाशकात त्यांचं छोटं गॅरेज आहे, आणि पाना हातात घेण्याआधी प्रश्न विचारायची त्यांना सवय. "बंद पडल्यावर प्लग कोरडा असतो की ओला, ते आधी बघून या."

हा प्रश्न साधा दिसतो, पण तपासाचं निम्मं काम तिथेच होतं. गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू हे डेल्कोमधल्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या) कंडेन्सरचंही लक्षण असतं, आणि कित्येक लोक महिनोन् महिने पेट्रोलच्या मागे लागून शेवटी कंडेन्सर बदलतात. प्लग ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी नाही. कोरडा असेल तर उलट. घोटीच्या अलीकडे गाडी बसली तेव्हा प्लग काढला: खडखडीत कोरडा. प्लगची वायर इंजिनच्या ब्लॉकजवळ धरून सेल्फ मारला तर ठिणगी निळी, जोरदार.

म्हणजे पेट्रोलच. पण टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत नेमकं कुठे?

पहिला संशय उन्हाचा. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, आणि पेट्रोलचा हलका भाग चाळीसच्या आसपासच उकळायला लागतो. पंपात किंवा पाइपात वाफ धरली की पंप नुसती वाफ दाबत बसतो. एसी पंपावर (इंजिनवर चालणाऱ्या पेट्रोलच्या पंपावर) ओलं फडकं टाकायची युक्ती कसारा घाट चढलेल्या जुन्या ड्रायव्हरांना पाठ असते. आम्हीही टाकलं. काही फरक नाही. शिवाय भल्या पहाटे, गारव्यातही गाडी त्याच पट्ट्यात बसली, तेव्हा वाफेचा विषय संपला.

मग पंप. कार्बोरेटरकडे जाणारा पाइप सोडून बाटलीत धरायचा, कॉइलची वायर काढायची आणि सेल्फ मारायचा. पेट्रोलची पिचकारी ठोके धरून आली. डिपस्टिकच्या ऑइललाही पेट्रोलचा वास नव्हता. पंपातला डायफ्रॅम, म्हणजे लवचिक पडदा, फाटला की पेट्रोल खाली इंजिन ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं. इथेच एका मित्राने इलेक्ट्रिक पंप लावायचा सल्ला दिला. या गाडीच्या कार्बोरेटरला दोन-तीन पीएसआय दाब पुरतो. जास्त दाबाचा पंप लावला तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई उचलली जाऊन पेट्रोल उतू जातं. गरम इंजिनवर ते नकोच.

खरा निकाल लागला तो कॅनने. पंपाचा टाकीकडून येणारा पाइप सोडला आणि तोंड पेट्रोलच्या छोट्या कॅनमध्ये बुडवलं. हे धोक्याचं काम आहे: कॅन एक्झॉस्टपासून लांब, घट्ट बांधलेला, झाकणाला हवेपुरतं भोक, सोबत फायर एक्स्टिंग्विशर. मिस्त्री शेजारी बसले. वाडीवऱ्हे गेलं, घोटी आलं, गाडी एकदाही अडखळली नाही. म्हणजे पंप आणि कार्बोरेटर दोन्ही सुटले. दोष पंपाच्या मागे.

टाकीचं झाकण उघडून पाहिलं, हवा आत ओढल्याचा आवाज नाही, म्हणजे झाकणाचं भोक मोकळं. टाकीजवळचा रबरी पाइप दिसायला ठीक, पण वाकवला तर बारीक चिरा. ओढणाऱ्या बाजूच्या चिरेतून पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत जाते, म्हणून खाली डाग शोधून उपयोग नसतो. पाइप बदलला. त्रास कमी झाला, गेला नाही. मग पाइपमधून टाकीकडे हवा मारली: आत बुडबुडे, आणि गाडी झकास. काही दिवसांनी पुन्हा तेच.

मिस्त्री हसले. "टाकी उतरवा साहेब."

टाकीतून गंजाचा चहापत्तीसारखा गाळ निघाला. गाडी पळताना पंप ओढतो तेव्हा तो टाकीतल्या पाइपच्या तोंडावरच्या जाळीवर जाऊन बसायचा, गाडी थांबली की ओढ संपून खाली पडायचा. गावात हळू चालवताना जेवढं झिरपतं तेवढं फ्लोट चेंबरला (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या साठ्याला) पुरायचं. चढावर पाय दाबला की मागणी वाढायची, चेंबर रिकामा. हवा मारल्यावरही तोच गाळ फक्त जाळीवरून सुटून टाकीत परतत होता.

यात इथेनॉलचाही हात असावा असा माझा अंदाज. पेट्रोल पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुनं साधं रबर खातं, टाकीला चिकटलेला जुना थर सोडवतं आणि ओलावा धरतं. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला हे तिन्ही नको असतं.

टाकी पूर्ण रिकामी करून साबणाच्या पाण्याने धुतली. आत बारीक नट टाकून खळखळवलं (टाकलेले नट मोजून ठेवा, एक आत राहिला तर जन्मभर वाजत राहतो), मग गंज काढायचं फॉस्फोरिक आम्ल, पुन्हा पाणी, दिवसभर कडक ऊन. रिकाम्या टाकीतही वाफ राहते, त्यामुळे डाग मारायचा असला तरी न धुता वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घातले आणि पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवला. त्यात गाळही दिसतो, हवेचे बुडबुडेही.

त्यानंतर इगतपुरीपर्यंत गाडी न थांबता जाऊन आली. फिल्टरच्या तळाशी अजून थोडी लाल पूड जमते, तेव्हा पावसाळ्याआधी तो बदलणार आहे. पेट्रोलचा काटा मात्र टाकी परत बसवल्यापासून अर्ध्यावरच अडकलाय.