आमची वाटचाल : पंच श्वासावर

ठाण्यातल्या नौपाड्यात रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर तळमजल्याची एक खोली, एक संगणक, माइकचा आवाज संगणकात नेणारा दोन चॅनेलचा इंटरफेस आणि एक कंडेन्सर माइक, एवढ्यावर आम्ही दोघा भावांनी स्टुडिओ सुरू केला. भिंतींना जाड गाद्या लावल्या होत्या, तरी जलद लोकल गेली की जमिनीतून तिची घरघर माइकपर्यंत यायचीच. मग तेवढी ओळ पुन्हा घ्यायची. पंच मारायला आम्ही शिकलो ते त्या लोकलमुळे.

पंच म्हणजे चालू ट्रॅकवर ठरलेल्या जागी रेकॉर्डिंगमध्ये शिरायचं आणि ठरलेल्या जागी बाहेर पडायचं, ही टेपच्या काळापासूनची रीत. आता पंचच्या दोन्ही खुणा संगणकावर आधीच आखून ठेवता येतात. पण त्या कुठे आखायच्या, ते कान ठरवतो. सुरुवातीला आम्ही नेमका चुकलेला शब्दच घ्यायचो आणि तो ठिगळासारखा वेगळा ऐकू यायचा. आता ओळीआधीच्या श्वासाच्याही मागे शिरतो आणि गायकाला दोन आवर्तनं आधीपासून गात यायला सांगतो, म्हणजे आवाजाचा जोर जुळतो. तबल्याचा पंच समेच्या किंचित आधी. अगदी समेवर घेतला तर ‘धा’ची सुरुवातच कापली जाते.

दुसऱ्या वर्षी एक चूक झाली, ती अजून सलते. आदल्या रात्री डबिंगच्या कामासाठी मी डिस्ट्रक्टिव्ह मोड लावला होता आणि तो तसाच राहिला. नेहमीच्या मोडमध्ये नवा टेक, म्हणजे एका दमात घेतलेलं रेकॉर्डिंग, वेगळी फाइल म्हणून साठतो आणि जुना डिस्कवर तसाच राहतो. डिस्ट्रक्टिव्हमध्ये जुन्याच फाइलवर नवं लिहिलं जातं, अनडू करूनही ते परत येत नाही. सत्तरी ओलांडलेल्या एक कीर्तनकार आजी आल्या होत्या. एक ओळ सुधारायची होती. मला थांबायला उशीर झाला आणि पुढची, अप्रतिम लागलेली ओळही पुसली गेली. “गाते रे पुन्हा, बाळा,” म्हणाल्या आणि गायल्याही. पण ती जागा पुन्हा तशी आली नाही. प्रो टूल्स या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्ट्रक्टिव्ह मोडला रेकॉर्डच्या बटणावर ‘डी’ अक्षर दिसतं, चालत्या ट्रॅकवर पंच मारायच्या क्विकपंच मोडला ‘पी’. कुठलंही सॉफ्टवेअर असो, आता गायक आत जाण्याआधी आम्ही दोघंही त्या बटणाकडे पाहतो. एकाने पाहून भागत नाही.

लूप रेकॉर्डिंग आम्ही जपून वापरतो. ठरलेला तुकडा फिरत राहतो, प्रत्येक फेरीचा टेक वेगळा साठतो आणि नंतर चांगले भाग निवडून जोडता येतात. कोरसला, जिंगलला हे छानच. अभंगाला मात्र नाही. भजनी मंडळ आपल्या लयीत चढत जातं, त्याला क्लिकही, म्हणजे हेडफोनमधली लयीची टिकटिकही, चालत नाही. त्यांचे आम्ही तीन सलग टेक घेतो, एकाखाली एक लावतो आणि बहुतेक वेळा एकच पूर्ण टेक ठेवतो. लूप लावायचाच तर आवर्तनाच्या मापाचा हवा. रूपकाच्या ७ मात्रा चार-चारच्या मापात बसवल्या की फेरी संपते एकीकडे आणि सम राहते दुसरीकडे.

ऐरोली, कोपरखैरणेहून येणाऱ्या तरुण संगीत संयोजकांनी आम्हाला मिडीची गोडी लावली. मिडीत आवाज नाही, कुठला स्वर कधी आणि किती जोरात वाजला एवढंच साठतं. की-बोर्डवर ढोलकी बांधताना ओव्हरडब मोडमध्ये पहिल्या फेरीत खर्जाचा डग्गा, दुसरीत टिपेची चाटी, असे थर चढतात. चुकून रिप्लेस मोड लागलेला राहिला तर चाटी वाजवता वाजवता डग्गा जातो. त्यांची सगळ्यात चांगली चाल रेकॉर्ड बंद असतानाच सुचते! त्यावर क्यूबेस या सॉफ्टवेअरमध्ये रेट्रोस्पेक्टिव्ह रेकॉर्ड आहे, एबलटन लाइव्हमध्ये २०१८च्या दहाव्या आवृत्तीपासून कॅप्चर. बोटं उचलल्यावर बटण दाबलं तरी वाजवलेलं मिळतं. लाइव्हमध्ये हे फक्त मिडीपुरतं, म्हणून माइक लागला की तालीमसुद्धा आम्ही रेकॉर्ड करतो.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा आला की गायक लयीत मागे पडतो. संगणक आवाज तुकड्यातुकड्यांनी हाताळतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात आणि तो जितका मोठा तितका उशीर. सेकंदाला ४८ हजार सॅम्पल (४८ किलोहर्ट्झ) असताना ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे जवळपास ११ मिलिसेकंद, १२८चा म्हणजे तीनहून कमी. म्हणून गाताना १२८, मिक्सिंगला पुन्हा मोठा.

२०२०च्या टाळेबंदीनंतर आम्ही पाचपाखाडीत आलो. इथे लोकल ऐकू येत नाही. याच सुमारास भजनी मंडळांसाठी ताशी दर बंद करून गाण्यामागे दर ठेवला. घड्याळाकडे डोळा ठेवून गाणारा माणूस श्वास पुरा घेत नाही आणि मग पंचसाठी जागाच उरत नाही. पहिल्या वर्षी उत्पन्न घटलं, भावाला काळजी वाटली, पण मंडळं परत येत राहिली.

गेल्या आषाढाआधी त्या कीर्तनकार आजी नातीला घेऊन आल्या होत्या. नात गायली, आजी काचेच्या या बाजूला माझ्या शेजारी बसल्या. ध्रुवपदाच्या आधी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, “आत्ता घे.” तिथेच श्वास होता.