अण्णांच्या हातचा कॅमेरा

आईवडिलांसाठी कॅमेरा घ्यायला निघालेल्या मुलामुलींची पहिली अट बहुधा एकच असते, ती म्हणजे कॅमेरा सोपा हवा. दुकानदारही ही अट ऐकून मान डोलावतो आणि ज्यात जास्तीत जास्त गोष्टी आपोआप होतात असा एखादा कॅमेरा पुढे करतो. माझ्या वडिलांसाठी, म्हणजे अण्णांसाठी, छोटा डिजिटल कॅमेरा शोधताना माझ्या हळूहळू लक्षात आले की आपोआप होणाऱ्या गोष्टीच त्यांना सर्वांत अवघड वाटतात, कारण आपण काय केले म्हणून हे झाले, याचा पत्ताच लागत नाही.

फोटो कसा काढावा हे अण्णांना कोणी शिकवण्याची गरज नाही. तरुणपणी त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री होता. त्यात 120 च्या रोलवर 12 चौकोनी फोटो निघत आणि तेवढ्यात एक बारसे, एक सहल आणि उरलेच तर घरातले एखादे लेकरू असा हिशेब बसवावा लागे. पुढे यशिका एमएफ-टू आला, 36 फोटोंचा रोल घेणारा आणि पेन्सिल सेलवर चालणारा. ऊन पाठीशी ठेवावे, कोपरे बरगड्यांना टेकवावीत, श्वास रोखून बटण अलगद दाबावे, हे सारे त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे आणि पंचाहत्तरीतही ते सुटलेले नाही. अशा माणसाला ‘सोपा’ कॅमेरा द्यायचा म्हणजे त्याला काहीच येत नाही असे धरून चालायचे नसते.

घरात फोन असताना कॅमेरा कशाला, असे माझ्या भावाने विचारलेच. अण्णा फोनवर बातम्या वाचतात, पंचांग पाहतात, नातवंडांशी बोलतात. पण फोटो काढायची वेळ आली की त्यांचे आणि फोनचे बिनसते. वयोमानाने कोरड्या पडलेल्या बोटाची दखल ती काच कधी घेते, कधी घेत नाही. म्हणून ते जोर लावून दाबतात, त्या जोराने फोन हलतो, आणि नेमका तेव्हाच कोणाचा तरी कर्ज देऊ करणारा फोन येतो. “अगं, दाबलं की दाबल्यासारखं वाटलं पाहिजे,” एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि ते मला पुरेसे वाटले.

खरेदीआधी चाचणी म्हणून भाच्याचा जुना कॅमेरा काही दिवस त्यांच्याकडे ठेवला. त्यातून जे निघाले ते पाहण्यासारखे होते. काही फोटो उत्तम होते. मध्येच त्यांच्याच चपलांचे आणि अंगणातल्या फरशीचे लांबलचक व्हिडिओ होते, आणि त्यांत “निघाला का नाही गं?” असा त्यांचा आवाजही आला होता. कॅमेरा उजव्या हातात धरला की अंगठा पाठीवर जिथे सहज टेकतो, नेमके तिथेच व्हिडिओचे लाल बटण होते. वरची गोल चकतीही खिशात फिरून भलत्याच खुणेवर जाई आणि काल जसा वागला तसा कॅमेरा आज वागत नसे. एका बटणाला एकच काम असावे आणि ते रोज तेच असावे, ही अपेक्षा यशिकाने त्यांना लावलेली होती आणि ती अवाजवी नव्हती. तेव्हापासून दुकानात मी पेटीवरचे आकडे वाचण्याऐवजी कॅमेरा हातात घेऊन आधी अंगठा कुठे पडतो ते पाहू लागले.

आकड्यांचे म्हणाल, तर चार बाय सहा इंचांचा फोटो इंचाला 300 ठिपके या हिशेबाने छापायचा असेल तर 1800 गुणिले 1200, म्हणजे साधारण 22 लाख ठिपके पुरतात. दोन मेगापिक्सेलच्या थोडे वर. पेटीवरचे 16 आणि 20 त्यामुळे अण्णांच्या अल्बमच्या दृष्टीने निरर्थकच होते. उलट बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांतला सेन्सर, म्हणजे भिंगातून आलेला प्रकाश टिपणारा तुकडा, जेमतेम 6 मिलिमीटर रुंद असतो, आणि तेवढ्या जागेत जितके जास्त ठिपके कोंबावेत तितके संध्याकाळच्या आरतीचे फोटो दाणेदार होण्याची भीती वाढते.

पण या इवल्याशा सेन्सरचा एक गुण असा आहे की त्यापुढे मी बाकीचे सगळे माफ केले. अण्णा साताऱ्याला राहतात. कासचे पठार तिथून सुमारे 25 किलोमीटरवर आहे आणि पावसाळा उतरणीला लागला की त्यांची एक फेरी तिकडे होतेच. यशिकाचा फोकस कारखान्यातच पक्का केलेला, त्यामुळे समोरचे माणूस स्वच्छ आणि हाताच्या अंतरावरचे फूल धूसर असा त्याचा कायमचा कारभार होता. तेरड्याचा गुलाबी गालिचा त्यांनी वर्षानुवर्षे टिपला, पण सीतेच्या आसवांचे ते नखाएवढे निळे-जांभळे फूल त्यांच्या एकाही रोलवर नाही. छोट्या डिजिटल कॅमेऱ्याचे भिंग फुलापासून अवघ्या काही सेंटिमीटरवर नेले तरी फोकस होतो, आणि सेन्सर लहान म्हणून भिंगही कमी लांबीचे असल्याने फुलाचा बराच भाग एकाच वेळी स्वच्छ येतो. बटण अर्धे दाबून थांबायचे, हिरवी चौकट दिसली की पुढे दाबायचे, एवढी एकच नवी सवय त्यांना लावून घ्यावी लागली. चाचणीच्या काळात त्यांनी कुंडीतल्या तुळशीची मंजिरी इतक्या जवळून टिपली होती की तिचे जांभळट तुरे मोजता यावेत. तो फोटो ते आल्यागेल्याला दाखवत राहिले.

मग प्रश्न आला तो डोळ्यांचा. अण्णांचा चष्मा दुहेरी भिंगांचा आहे. वरच्या भागातून लांबचे आणि खालच्या भागातून जवळचे दिसते. कॅमेरा चेहऱ्यासमोर धरला की मागचा पडदा वरच्या भागासमोर येतो आणि पुसट दिसतो, म्हणून ते हनुवटी उचलतात, हनुवटीबरोबर कॅमेराही मागे कलतो, आणि फोटोत माणसांपेक्षा आभाळच अधिक येते. शिवाय भर उन्हात पडद्यावर स्वतःच्या चेहऱ्याखेरीज काही दिसत नाही. यावर उपाय म्हणजे डोळा लावून पाहायची ती जुनी खिडकी. स्वस्त कॅमेऱ्यांतल्या अशा खिडकीत प्रत्यक्ष फोटोपेक्षा कमी भाग दिसतो, ही तिची खोड म्हणून सांगितली जाते. मला तर तो मोठाच फायदा वाटला, कारण कडेने थोडे जास्त येते आणि कोणाचे डोके छाटले जात नाही. जवळच्या फुलासाठी मात्र ती उपयोगाची नाही, कारण खिडकी आणि भिंग यांच्या जागा वेगळ्या असल्याने जवळ गेल्यावर दोघांना वेगवेगळे दिसते. माणसांसाठी खिडकी आणि फुलांसाठी पडदा, अशी वाटणी अण्णांनी स्वतःच करून टाकली.

अडचण अशी की ही खिडकी छोट्या कॅमेऱ्यांतून केव्हाच हद्दपार झाली आहे. एकंदरीत छोटे कॅमेरेच आता विरळ झाले आहेत. जपानी कॅमेरा उद्योगाच्या संघटनेची आकडेवारी पाहिली तर 2010 साली सुमारे 12 कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांबाहेर पडले होते, आणि अलीकडे ती संख्या वर्षाला एक कोटीच्याही खाली आहे. त्यात गंमत म्हणजे विशीतल्या मुलामुलींना या जुन्या कॅमेऱ्यांच्या रंगांचे वेड लागल्याने, कपाटात धूळ खात पडलेल्या वस्तूंना चक्क भाव आला आहे. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात मी चौकशी करत होते तेव्हा माझ्या शेजारी उभी असलेली मुलगी स्वतःसाठी तोच कॅमेरा मागत होती, जो मी वडिलांसाठी मागत होते.

शेवटी निवड दोन कॅमेऱ्यांवर येऊन ठेपली. एकात हाताचा कंप सावरणारे भिंग होते, पण खिडकी नव्हती आणि बॅटरी त्या कंपनीची खास होती. दुसरा कॅनॉन पॉवरशॉट ए 1200. त्यात खिडकी आहे, दोन पेन्सिल सेल लागतात, पण कंप सावरण्याची सोय भिंगात नाही. कागदावर पहिलाच सरस ठरतो. मी दुसरा घेतला. डोळ्याला लावलेला कॅमेरा कपाळाचा आधार घेतो आणि कोपरे बरगड्यांना टेकवणारा माणूस अजून तरी बराच स्थिर असतो, हा माझा युक्तिवाद होता. सेलचे तर प्रश्नच नव्हते. घड्याळातले साधे सेल त्यात थोड्याच फ्लॅशमध्ये मान टाकतात हे खरे, पण पुन्हा चार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलच्या दोन जोड्या घेतल्या की काम भागते, आणि अडल्यावेळी अल्कलाइन सेल साताऱ्यात कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. वापरलेला असल्यामुळे सेलच्या कप्प्याची प्लॅस्टिकची खिट्टी नीट बसते का, आत सेल गळून हिरवट थर धरला आहे का, आणि पांढऱ्या भिंतीच्या फोटोत काळे डाग उमटतात का, एवढे पाहून घेतले.

देण्याआधी डिजिटल झूम बंद केला आणि फोटोच्या कोपऱ्यात तारीख छापायची सोय चालू केली. जाणकार या तारखेला नाके मुरडतात. अण्णांना ती हवी होती, कारण ते फोटो छापून ज्याचे त्याला नेऊन देतात, आणि मागाहून वाद उद्भवतो तो नेहमी वर्षाचाच.

आता तक्रार उरली आहे ती पट्ट्याची. अण्णांना कॅमेरा गळ्यात हवा, आणि याला मनगटात अडकवायच्या दोरीपुरते एकाच बाजूला भोक आहे. गळ्यात घातला की तो तिरका लोंबतो. परवा ते बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे जाऊन दोन्ही बाजूंना कड्या असलेले रेक्झिनचे घर शिवायला टाकून आले आहेत, आणि फ्लॅशची जागा उघडी ठेवायची की झाकायची यावर त्या दोघांचे अजून एकमत झालेले नाही.