कोबेचा मोडका धक्का

ओसाका, रात्र.

सहलीच्या कागदावर आजचा दिवस तीन शब्दांत उरकला होता: मासळीबाजार, मत्स्यालय, बंदर. असा कार्यक्रम वाचला की दिवस पळापळीतच जाणार हे कळतं, आणि थोडी पळापळ झालीही. पण आमच्या गाईडने ही तिन्ही ठिकाणं एका धाग्यात अशी ओवली की डोळे मिटत असतानाही लिहायला बसले आहे. उद्या सकाळी क्योटोला निघायचंय. आज लिहिलं नाही तर राहूनच जाईल.

गाईड पन्नाशीला टेकलेल्या बाई. इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ बोलतात, एक वाक्य संपवून मागच्या सीटपर्यंत नजर टाकतात आणि मगच पुढचं सुरू करतात. बस ओसाकाहून निघाल्यावर त्यांनी सांगितलं की आधी सरळ पश्चिमेला आकाशीला जायचं आणि तिथून समुद्राच्या कडेकडेने थांबत मागे यायचं. कोबे शेवटी. "कोबे शेवटी का, ते तिथे पोचल्यावर सांगते," एवढंच म्हणाल्या.

आकाशीचा बाजार म्हणजे उओनोताना. रेल्वे स्टेशनपासून चालत पाच मिनिटं. किल्ल्याबरोबर हे गाव वसलं, तेव्हापासूनचा हा बाजार, जवळपास ४०० वर्षं जुना. आता वर छप्पर आहे, आणि छपराखाली कोळ्यांची रंगीबेरंगी मोठी निशाणं टांगलेली. भरपूर मासळी मिळाली की होडीवर चढवायची निशाणं ती. गल्ली साडेतीनशे मीटर असेल-नसेल, दोन्ही बाजूंना शंभरेक दुकानं. इथे लिलाव भल्या पहाटे नाही, दुपारी होतो. साडेअकराच्या सुमारास लिलाव, आणि बाराला मासळी दुकानात, तीही जिवंत. आम्ही नेमके त्याच वेळी पोचलो. तोवर सुस्तावलेल्या गल्लीत अचानक हातगाड्या धावायला लागल्या, पाण्याचे सपकारे उडाले, आणि सगळे दुकानदार एकदम ओरडायला लागले.

इथले दोन जीव जपानभर नावाजलेले, ताइ नावाचा लालसर मासा आणि ऑक्टोपस. आकाशीसमोरची सामुद्रधुनी अरुंद आहे, त्यामुळे भरती-ओहोटीला पाणी तिथून प्रचंड जोराने ओढलं जातं. त्या ओढीत पोहून माशाचं अंग घट्ट होतं. ऑक्टोपसला खेकडे-कोळंबी खायला भरपूर, आणि पाय आखूड नि जाड. आकाशीचा ऑक्टोपस उभा राहून चालतो असं इथले लोक म्हणतात. एका दुकानात उथळ ट्रेमधला ऑक्टोपस खरोखरच बाहेर निघाला होता. दोन हात ट्रेच्या काठावरून खाली सोडलेले, तिसरा शेजारच्या माशांच्या बर्फात चाचपडत होता. दुकानदार आजी रबरी बूट घातलेल्या, सत्तरीच्या तरी असाव्यात. त्यांनी न बघताच त्याला एका हाताने धरलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्याच्या हातांवरची, काठाला चिकटलेली एकेक चोषक चकती सोडवत गेल्या. दरवेळी चट् असा बारीक आवाज. ट्रेमध्ये परत टाकल्यावर त्याचा रंग विटकरी होता, तो बघता बघता फिका पडला. धाकटी तिथून हलेना.

बाबा माळकरी. त्यांना या गल्लीत आणावं की बाहेर चहाच्या दुकानात बसवावं, याचा मी काल रात्रीपासून विचार करत होते. ते आपण होऊन आत आले. एक तरुण दुकानदार ताइ कापत होता, त्याच्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले. डोळ्याच्या वरच्या बाजूला टोचा घालून मासा जागीच निपचित, मग कल्ल्याजवळ नि शेपटीजवळ छेद, आणि कण्याच्या पोकळीतून एक बारीक तार आरपार. सगळं काही सेकंदांत. गाईडनी समजावलं की मासा तडफडला की अंगातली ताकद खर्ची पडते आणि मांस लवकर बिघडतं. असं एका घावात मारलं, मज्जातंतू मारला, की ते बराच वेळ ताजं राहतं. बाबा एवढंच म्हणाले, "मारायचंच तर हाल करून मारत नाहीत, हे चांगलं." मला त्यांचं हे नेहमीच आवडत आलंय. स्वतःचं व्रत ते दुसऱ्याच्या ताटावर लादत नाहीत.

मुलांनी तिथली आकाशीयाकी खाल्ली. अंड्याचे मऊ गोळे, आत ऑक्टोपसचा तुकडा, लाल तिरक्या फळीवर मांडून देतात आणि कोमट पातळ रश्शात बुडवून खायचे. बाबांनी नि मी बाकावर बसून बरोबर आणलेल्या दशम्या आणि शेंगाचटणी खाल्ली.

तिथून माइको. आकाशीचा झुलता पूल इथून सुरू होतो आणि आवाजी बेटावर उतरतो. १९९८ मध्ये खुला झाला. दोन मनोऱ्यांमधलं अंतर १९९१ मीटर, आणि पुढची वीसेक वर्षं जगात याहून लांब झुलता गाळा नव्हता. आकडे ऐकून मी मान डोलावत होते. मग गाईड म्हणाल्या, "नकाशावर हे अंतर १९९० मीटर होतं." १९९५ च्या जानेवारीत मनोरे उभे होते, मुख्य दोर ताणून झाले होते, रस्त्याचा भाग मात्र अजून टांगायचा होता. तेव्हा भूकंप झाला. केंद्र इथेच, याच सामुद्रधुनीजवळ. खालची जमीन सरकली आणि मनोरे एकमेकांपासून जवळजवळ मीटरभर लांब गेले. इंजिनीअरांनी पुढचे सगळे भाग नव्या मापाने करून घेतले. वरून गाड्या जातात त्यांना काय कळणार, पण पुलाच्या मापात तो भूकंप मोजून ठेवलेला आहे. बाबा मान वर करून बराच वेळ दोरांकडे बघत होते. मी काही विचारलं नाही.

मत्स्यालय सुमाला, समुद्रकिनाऱ्यालाच लागून. १९५७ पासून इथे मत्स्यालय आहे, आत्ताची इमारत मात्र कोरी, २०२४ च्या जूनमध्ये उघडलेली. सहलीत सर्वांत जास्त वेळ इथेच दिला होता, आणि माझ्या मते तो वेळेचा चुकीचा हिशेब. किलर व्हेलचा खेळ बघायला सगळं स्टेडियम भरलेलं. काळापांढरा अवाढव्य जीव पाण्यातून उसळतो तेव्हा छातीत धस्स होतं हे खरं, मुलं तर आनंदाने ओरडत होती. पण दिवसात शंभर किलोमीटरसुद्धा पोहणारा प्राणी त्या टाकीत किती वेळात एक फेरी पूर्ण करतो, ते मी बघत बसले. मला ते बघवलं नाही. खेळ संपायच्या आत धाकटीला घेऊन आतल्या दालनात आले.

आणि ते बरंच झालं. आत काचेमागे ऑक्टोपस होता. दुपारी पाहिलेल्यासारखाच, पण इथे त्याला घाई नव्हती. काचेवर पसरला होता, त्यामुळे चकत्यांची खालची बाजू दिसत होती, काठाला बारीक, आत येत येत मोठ्या, आणि प्रत्येक चकती आपापली हलत होती. तिला सांगितलं की याला तीन हृदयं असतात, रक्त निळसर असतं, आणि मेंदूचं बरंचसं काम हातच करतात; दोनतृतीयांश चेतापेशी हातांतच असतात. पुढचा प्रश्न मला ठाऊकच होता. "मग बाजारातल्याला पण तीन होती?" हो म्हटलं. तिने जरा विचार केला आणि म्हणाली की मघाचा तुकडा तिला आवडला होता. मी पुढे काही बोलले नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या एकाच दिवशी तिच्यासमोर आल्या हे मला बरं वाटलं.

कोबेला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. १८६८ मध्ये परदेशी जहाजांना खुलं झालेलं बंदर, मागे लगेच रोक्को डोंगर, मध्ये चिंचोळी पट्टी, तिच्यात सगळं शहर. लाल जाळीचा १०८ मीटरचा पोर्ट टॉवर, हिरवळ, कॉफीची दुकानं, मोठ्या पांढऱ्या अक्षरांपाशी फोटोसाठी रांग. आणि या सगळ्याच्या मधोमध, कठड्याच्या आत, धक्क्याचा साठेक मीटरचा तुकडा १९९५ मध्ये जसा मोडला तसाच ठेवलेला. फरशीचे ठोकळे एकमेकांवर चढलेले, मधल्या भेगांत समुद्राचं पाणी शिरलेलं. दिव्याचे खांब तिरके. एक खांब पाण्याकडे इतका कललाय की आता पडेल असं वाटतं. त्याच्या बुंध्याशी शेवाळ, आणि हिरव्या पाण्यात बोटभर मासे फिरत होते.

गाईडनी सगळ्यांना जवळ बोलावलं. १७ जानेवारी १९९५. माणसं गेली ६,४३४. बरीचशी जुन्या लाकडी घरांत, कौलांच्या जड छपराखाली चिरडून. उंचावरचा महामार्ग आडवा झाला. भराव टाकून केलेल्या बेटांवर जमिनीतून चिखलपाणी वर आलं, धक्क्यांच्या भिंती समुद्राकडे सरकल्या. त्याआधी कोबे कंटेनर हाताळण्यात जगात सहावं होतं. दोन वर्षांत बंदर दुरुस्त झालं, पण तोवर जहाजांनी दक्षिण कोरियातल्या बुसानसारखी बंदरं धरली होती. ती जागा कोबेला पुन्हा मिळाली नाही.

बाबांनी मला विचारायला सांगितलं, "किती वाजता?"

"पहाटे ५:४६."

"आमचा ३:५६," बाबा म्हणाले.

मी भाषांतर केलं आणि मग सगळं सांगावं लागलं. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाची रात्र, किल्लारी. लातूर-उस्मानाबादची ५२ गावं जमीनदोस्त, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आम्ही औशाला होतो, मी शाळेत. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. उजाडताच ते इतर शिक्षकांबरोबर गेले आणि कित्येक दिवस घरी आले नाहीत. आल्यावरही त्यांनी आम्हाला काही सांगितलं नाही. आम्ही पुढचे कितीतरी आठवडे अंगणात झोपत होतो, एवढंच माझ्या आठवणीत.

आज मात्र ते बोलले. कोबेच्या कठड्याला टेकून, वाक्यावाक्याला थांबत, मला भाषांतराला वेळ देत. दोन-दोन हात जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडी माळवद आणि त्यावर वर्षानुवर्षं चढवलेली माती. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून घातलेली तीच माती झोपलेल्या माणसांवर आली. "यांची कौलं, आमची माती," ते म्हणाले. वर्गातली मुलं ओळखायला त्यांना बोलावलं होतं, हे मला आज कळलं. एवढ्या वर्षांनी, परक्या देशात, दुसऱ्या कोणाच्या तरी भाषेत सांगताना.

गाईड त्या वेळी वीस-एकवीस वर्षांच्या होत्या, कोबेतल्या नागाता भागाजवळ राहायच्या. तो भाग जळाला होता. त्यांनी तात्पुरत्या घरांबद्दल सांगितलं. घरं सोडत काढून वाटली, त्यामुळे जुने शेजार फुटले. एकेकटी म्हातारी माणसं अनोळखी वस्तीत जाऊन पडली आणि काही तिथेच एकटी मेली, कोणाला पत्तासुद्धा नाही. बाबा लगेच म्हणाले की आमच्याकडे पत्र्याची शेडं होती, मग नवी गावं, सरळ रस्ते, सिमेंटची घरं. लोकांना ती बरेच दिवस परकी वाटली, वाडे गेले, चावडी गेली, पण गाव गावासकट हललं. शेजारचा शेजारी निदान त्याच गावात राहिला. गाईडनी ते वहीत लिहून घेतलं. मला दोघांचाही फार अभिमान वाटला.

त्यांनी आणखी एक सांगितलं. दरवर्षी १७ जानेवारीला शहरातल्या एका बागेत लोक पहाटे दिवे लावतात आणि ५:४६ ला उभे राहतात. ज्यांचा जन्मच नंतरचा आहे तेही येतात, शाळेतून येतात. आणि हा मोडका धक्का फिरायच्या जागी मुद्दाम ठेवलाय, म्हणजे आइस्क्रीम खायला आलेलं पोरही विचारतं, हे असं का?

थोरल्याने तेच विचारलं होतं. त्याला उत्तर आजोबांकडून मिळालं.

इथे आम्हाला जेमतेम चाळीस मिनिटं होती. मत्स्यालयातला तासभर इकडे वळवावा असं मी सहलीच्या माणसाला सांगितलं आहे, पुढच्या लोकांसाठी. गाईड बाईंनी निरोप घेताना बाबांना वाकून नमस्कार केला, बाबांनी हात जोडले.

परतीच्या बसमध्ये मुलं झोपली. जुन्या किल्लारीत स्मृतिस्तंभ आहे, ३० सप्टेंबरला तिथे लोक जमतात. औसा तिथून काही लांब नाही, तरी मी कधी गेले नाही आणि मुलांना ते नावही आज कळलं. बाबांना विचारलं, पुढच्या वर्षी जायचं का सगळ्यांनी. ते म्हणाले, "आदल्या रात्रीच जाऊ. पहाटे तिथे असायला पाहिजे." नव्या गावात त्यांचे दोन विद्यार्थी राहतात, मुक्कामाचं त्यांना कळवणार आहेत. भारतात पोचलो की तिकिटांचं बघायचं.