पायडलांखालचा आकडा

परवा दुपारी एका अनोळखी सायकलीशेजारी उकिडवा बसून मी तिच्या पायडलांच्या खालच्या बाजूला काय कोरले आहे ते पाहत होतो आणि तिचा मालक केव्हा मागे येऊन उभा राहिला ते मला कळलेच नाही. "माझी सायकल चोरीला गेली आहे," एवढेच मी म्हणालो. त्यासरशी त्याच्या चेहऱ्यावरचा संशय ओसरला आणि त्याने स्वतःच सायकल आडवी करून मला क्रमांक दाखवला. तो माझा नव्हता.

तक्रार लिहून घेणाऱ्याला सायकलीचा रंग हवा असतो, बनावट हवी असते. आपल्याला आपल्या सायकलीचे जे खरोखर ठाऊक असते त्याला त्या कागदावर रकानाच नसतो. प्रत्येक फेऱ्यात एकदाच चेनकव्हरला घासणारा पायडलचा दांडा, किंचित डावीकडे ओढ घेणारे हँडल, खड्ड्यात आपोआप वाजणारी आणि माणूस आडवा आला की हमखास मुकी होणारी घंटी, या खोडींवरून मी माझी सायकल अंधारातही ओळखली असती. पण पुरावा म्हणून मोल आहे ते फक्त सांगाड्यावर ठोकलेल्या आकड्याला. पायडलांचा आस ज्या आखूड नळीतून जातो, तिच्या तळाशी तो बहुधा असतो. तिथे चिखल सर्वांत आधी पोचतो आणि फडके सर्वांत शेवटी. माझा आकडा जुन्या पावतीवर सापडला, हे नशीबच म्हणायचे. चाके, सीट, हँडल हे सारे एका दुपारीत बदलता येते. आकडा मात्र कानशीने घासावा लागतो, आणि घासला तरी त्याच्याखालचा धातू ठोशाने दबलेला असल्यामुळे प्रयोगशाळेत आम्ल लावून तो पुन्हा उमटवता येतो. अर्थात एका सायकलीसाठी एवढे करणारी प्रयोगशाळा मला भेटायची आहे.

आमच्या वडिलांना असल्या कशाची गरज नव्हती. ते झोपले की आम्ही त्यांची सायकल हळूच बाहेर काढत असू. सीटवर पाय पोचत नसल्यामुळे आडव्या नळीखालून एक पाय पलीकडे घालायचा आणि अंग वाकडे करून अर्ध्याच पायडलवर ती रेटायची, अशी आमची पद्धत होती. सायकल पुन्हा जागच्या जागी ठेवण्यात आम्ही कमालीची काळजी घेत असू, तरी संध्याकाळी निघताना ते एक अक्षर न बोलता पुढचे चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरत आणि आम्ही पडलो तेव्हा वाकडे झालेले हँडल सरळ करत. अमुक दिवशी आम्ही पडलो होतो, हे आईला सांगावेच लागत नसे.

शोधाला निघाल्यावर कळते की सगळ्या सायकली एकसारख्याच दिसतात. याचा दोष मी जॉन केम्प स्टार्ली यांना देतो. त्यांनी 1885 साली 'रोव्हर' सायकल आणली आणि थोड्याच वर्षांत दोन त्रिकोणांचा जो सांगाडा रूढ झाला, तो आजतागायत फारसा बदललेला नाही. त्याआधीच्या उंच चाकाच्या सायकलीत चाकाचा आकार स्वाराच्या पायाच्या लांबीवरून ठरे, त्यामुळे ती चोरायची तर चोर आपल्याच मापाचा असावा लागे. आता सीट वरखाली केली की ती कोणालाही बसते, चोरालाही. शिवाय तिला आवाज नाही, परवाना नाही, आणि चोरलेला माल वाहून न्यायला वेगळे वाहनही लागत नाही.

कुलूप कापणाऱ्यावर माझा राग आहेच, पण त्याहून अधिक राग, मिळते आहे तर घ्या म्हणून, खालचा आकडा न पाहता सायकल विकत घेणाऱ्यावर आहे. माझी सायकल आता अशाच कोणाकडे असणार. तिची सीट खाली आणलेली असेल आणि एखादे पोर नळीखालून पाय घालून ती चालवत असेल, तर मी काय करीन ते मला सांगता येत नाही. मोठा माणूस असेल तर मात्र पावती खिशात आहे.